भौतिकोपचाराचे पदवी-शिक्षण : एका सेवाव्यवसायाची जडणघडण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शल्यचिकित्सक मोडलेले हाड जोडतो, झिजलेला गुडघा बदलतो, मेंदूतील रक्ताची गाठ काढतो. रुग्ण वाचतो. परंतु वाचलेला माणूस पुन्हा स्वतःच्या पायांनी घरात फिरू लागेल की नाही, स्वतःच्या हाताने घास घेईल की नाही, हे बहुतांशी पुढील काही आठवड्यांत आणि महिन्यांत ठरते. त्या काळाची जबाबदारी ज्याच्या शिरावर असते तो भौतिकोपचारतज्ज्ञ. बोलण्यात त्याला ‘फिजिओ’ म्हणतात, आणि अनेक घरांत अजूनही तो ‘मालीश करणारा’ किंवा ‘शेक देणारा’ एवढाच मानला जातो. हा समज किती अपुरा आहे, असा तज्ज्ञ घडण्यासाठी कोणते शिक्षण लागते, आणि समाजातील सेवाभावी संस्थांचा त्या शिक्षणाशी काय संबंध आहे, याचा विचार या व्याख्यानात केला आहे.

व्यवसायाचा उगम

चोळणे, शेकणे, व्यायाम हे उपचार मानवाला प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. त्यांना शास्त्राची शिस्त लावण्याचा प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकात झाला. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे व्यायामशास्त्राची संस्था स्थापन केली आणि तेथे वैद्यकीय व्यायामाचे शिक्षण सुरू झाले. पुढे इंग्लंडमध्ये मर्दनोपचाराच्या नावाखाली अनेक गैरप्रकार चालू लागले. त्यामुळे प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांचीही बदनामी होऊ लागली. तेव्हा १८९४ मध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनोपचारक स्त्रियांची संस्था काढली. प्रशिक्षण, परीक्षा आणि आचारसंहिता यांच्या बळावर तिने या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तीच संस्था आज ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ या नावाने ओळखली जाते. शिक्षित आणि अशिक्षित उपचारकर्ता यांतील भेद लोकांना कळावा, ही या व्यवसायाची पहिली गरज होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ती संपलेली नाही.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धातून हजारो जखमी सैनिक परतले. त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी अमेरिकेने तरुण स्त्रियांना खास प्रशिक्षण देऊन लष्करी रुग्णालयांत पाठविले. त्यांतूनच १९२१ मध्ये तेथील भौतिकोपचारकांची राष्ट्रीय संघटना जन्मास आली आणि मेरी मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पुढे पोलिओच्या साथींनी या ज्ञानाची गरज घरोघर पोहोचविली.

मुंबईतील आरंभ

भारतातील आधुनिक भौतिकोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होय. त्यामागचे कारण मात्र दुःखद होते. स्वातंत्र्याच्या सुमारास शहरात पोलिओने अनेक बालके पंगू होत होती. श्रीमती फातिमा इस्माईल यांची स्वतःची कन्या या रोगाची बळी ठरली. मुलीच्या उपचारांसाठी धडपडताना इतर मुलांसाठी काहीच सोय नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. १९४७ मध्ये त्यांनी अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

उपचारांची मागणी वाढली, पण उपचार करणारे हात कुठे होते? परदेशातून तज्ज्ञ आणून हा प्रश्न कायमचा सुटणार नव्हता. म्हणून १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिले भौतिकोपचार विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारकांची संघटना स्थापन झाली. हाजी अली येथील अखिल भारतीय पुनर्वसन संस्थाही त्याच काळातील. आरंभी पदविकेपुरते असलेले हे शिक्षण कालांतराने विद्यापीठीय पदवीपर्यंत आणि पुढे पदव्युत्तर पदवी व विद्यावाचस्पतीपर्यंत गेले. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील अनेक महाविद्यालयांतील अभ्यासक्रम एका छत्राखाली आले.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. ज्या रोगाने या विद्येला येथे जन्म दिला तो गेला, परंतु विद्येची गरज वाढतच राहिली. पक्षाघात, मधुमेहाने गमावलेले पाय, रस्त्यावरील अपघात, झिजलेले सांधे आणि वाढते आयुर्मान यांनी पोलिओची जागा घेतली.

चार वर्षांत काय शिकवितात?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास या शाखेकडे वळता येते. महाराष्ट्रात हा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. चार वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर सहा महिने रुग्णालयात प्रत्यक्ष सेवा, असे या पदवीचे स्वरूप राज्यात दीर्घकाळ राहिले. २०२५ मध्ये केंद्राच्या पातळीवर जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमात एक वर्षाच्या सेवाकाळासह पाच वर्षांची आखणी आहे.

पहिल्या वर्षी विद्यार्थी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकतो. प्रत्येक स्नायू कोठून निघतो, कोठे जोडला जातो, त्याला कोणती मज्जातंतू चेतना देते, हे त्याला शवविच्छेदनाच्या मेजापाशी उभे राहून शिकावे लागते. पुढे शरीराच्या हालचालींचे शास्त्र येते. माणूस एक पाऊल टाकतो तेव्हा कंबर, गुडघा व घोटा किती अंशांत वाकतात, शरीराचा भार टाचेवरून अंगठ्याकडे कसा सरकतो, याचे गणित तो मांडतो. विद्युत्प्रवाह, ध्वनिलहरी, उष्णता व शीत यांचा उपचारासाठी वापर शिकतो, आणि त्यांचा वापर कोठे करू नये हेही शिकतो. त्यानंतर रोगनिदानशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, अस्थिरोग, शल्यशास्त्र, हृदय व फुप्फुसांचे विकार, बालरोग असे विषय येतात. शेवटच्या टप्प्यात हे सर्व ज्ञान एका रुग्णाभोवती गुंफावे लागते.

या शिक्षणाचे मर्म एका साध्या उदाहरणातून कळेल. स्नायूची शक्ती मोजण्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी वापरतात. स्नायूत कसलीच हालचाल नसेल तर शून्य. बोटाखाली नुसती थरथर जाणवली तर एक. गुरुत्वाकर्षणाचा अडथळा काढून घेतल्यावर अवयव हलला तर दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता आला तर तीन. थोडा विरोध सहन केला तर चार, आणि पूर्ण बळ असेल तर पाच. घरच्या माणसांना शून्य आणि एक सारखेच दिसतात. हात दोन्ही वेळी निपचितच पडलेला असतो. पण शिकलेल्या बोटांना ती थरथर कळते आणि त्या थरथरीवर पुढील अनेक महिन्यांची योजना उभी राहते. पुस्तक वाचून हे येत नाही. गुरूच्या देखरेखीखाली शेकडो रुग्णांवर हात ठेवल्यावर ते येते. म्हणूनच या पदवीत रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाला इतके महत्त्व आहे, आणि म्हणूनच घरबसल्या काही आठवड्यांत ‘फिजिओथेरपी’ शिकविण्याच्या जाहिरातींपासून सावध राहिले पाहिजे.

अज्ञानाची किंमत

शिक्षणाची महती सांगताना अज्ञानाची किंमतही सांगणे आवश्यक आहे. पक्षाघात झालेल्या वृद्धास अंथरुणातून उठविताना प्रेमाने हात दिला जातो, आणि नेमका लुळा पडलेला हात ओढला जातो. खांद्याचा सांधा स्नायूंनीच जागच्या जागी धरलेला असतो. ते स्नायूच निकामी झाल्याने त्या ओढीने सांधा खाली सरकतो, आणि पुढे दुखऱ्या खांद्यामुळे रुग्ण व्यायामच टाळू लागतो. दुसरे उदाहरण पोटरीचे. शस्त्रक्रियेनंतर बराच काळ पडून राहिलेल्या रुग्णाची पोटरी सुजली, दुखू लागली की मालीश करणाऱ्यास बोलाविले जाते. ती सूज शिरेत झालेल्या रक्ताच्या गुठळीची असू शकते. चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. शिकलेला तज्ज्ञ अशी पोटरी पाहताच हात मागे घेतो आणि रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवितो. कोठे हात लावू नये हे कळणे, हा या शिक्षणाचा निम्मा भाग आहे.

शिकविणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. या विषयाचे बरेचसे ग्रंथ पाश्चात्य देशांत लिहिले गेले. तेथील रुग्ण खुर्चीवर बसतो, मेजावर जेवतो. येथील आजीबाईंना जमिनीवर मांडी घालून बसता यावे, तेथून आधाराविना उठता यावे, मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात, अशी इच्छा असते. कृत्रिम गुडघा बसविल्यावर यांतले काय शक्य आहे आणि काय टाळावे, हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हीदेखील विद्याच आहे. रुग्णाला काय हवे आहे हे आधी विचारावे आणि मग उपचाराची दिशा ठरवावी, हा आधुनिक भौतिकोपचाराचा पाया मानला जातो.

पदव्युत्तर शिक्षण आणि परदेश

पदवीनंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. अस्थी व स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, क्रीडा, सामुदायिक आरोग्य अशा शाखांतून विद्यार्थी एक निवडतो आणि स्वतंत्र प्रबंध सादर करतो. अतिदक्षता विभागातील श्वसनोपचार किती महत्त्वाचा असतो, हे २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत सर्वांनी पाहिले. रुग्णास पालथे झोपविणे, छातीतील कफ मोकळा करणे, यंत्रावरून सुटलेल्या माणसाला पुन्हा बसते-चालते करणे, या कामांत भौतिकोपचारतज्ज्ञांचा मोठा वाटा होता.

अनेक पालक परदेशाविषयी विचारणा करतात. अमेरिकेत आधी महाविद्यालयीन पदवी आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांची ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ ही पदवी, असा मार्ग आहे. तेथील सर्व मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आता याच पातळीवर आलेले आहेत. शिवाय राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्या राज्यात काम करावयाचे त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. भारतीय पदवीधराच्या शिक्षणाची तेथे विषयवार तुलना केली जाते आणि उणीव आढळल्यास ती भरून काढावी लागते. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची पदवी किंवा अन्य विषयाच्या पदवीधरास दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’कडे नोंदणी असा क्रम आहे. परदेशी जाणाऱ्याने हा खर्च आणि कालावधी आधीच समजून घ्यावा. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

कायद्याचे संरक्षण

दीर्घकाळ या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याचा आधार नव्हता. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद केली आणि राज्यात नोंदणीची व्यवस्था निर्माण झाली. २००७ मध्ये संसदेत एक विधेयक मांडले गेले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. अखेर २०२१ मध्ये संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात भौतिकोपचाराचा स्वतंत्र गट आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीचा कालावधी किमान ३६०० तासांचा असावा, असेही त्यात नमूद केले आहे. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. उपचार करणाऱ्यास पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच मानू नये. ज्याच्याकडे ते आहेत त्यास या प्रश्नाचा राग येत नाही.

शिबिर संपल्यानंतर

आता संस्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कृत्रिम पाय बसविण्याची शिबिरे समाजाला नवी नाहीत. जयपूर येथे रामचंद्र शर्मा यांची कारागिरी आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांचे वैद्यकीय ज्ञान यांच्या संगमातून ‘जयपूर फूट’ साकार झाला. १९७५ मध्ये श्री. देवेंद्रराज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य देण्याचे व्रत घेतले आणि असंख्य गरिबांना पुन्हा उभे केले. या कार्याचा समाजाला सार्थ अभिमान आहे.

परंतु पाय बसविणे आणि चालता येणे यांत अंतर आहे. गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या रुग्णास वेदना होतात, म्हणून घरची माणसे मायेने त्याच्या गुडघ्याखाली उशी देतात. तो तसाच दिवसच्या दिवस पडून राहतो. गुडघ्यामागच्या शिरा आणि स्नायू आखडतात, आणि काही आठवड्यांनी गुडघा सरळच होत नाही. अशा पायाला कृत्रिम पाय नीट बसत नाही. शिबिरात आलेला तो मनुष्य रिकाम्या हाती परत जाण्याची वेळ येते. मायेने ठेवलेल्या उशीने त्याचे चालणे हिरावून घेतलेले असते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत कोणी जाणत्याने ती उशी काढली असती, उरलेल्या भागाला योग्य पट्टी बांधली असती, कंबर व गुडघा सरळ ठेवण्याचे व्यायाम शिकविले असते, तर चित्र वेगळे असते. पाय मिळाल्यावरही त्यावर भार कसा टाकावा, पायऱ्या कशा चढाव्यात, त्वचेवर लाली दिसली तर काय करावे, हे शिकवावे लागते. हे शिक्षण न मिळाल्यास मोलाचा पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो.

दया आणि ज्ञान यांची जोडी तुटली की दयेचे फळही हाती लागत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

विद्यार्थी आणि पालकांसाठी

या व्यवसायाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खासगी महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबास जड जाते. पदवीनंतरची पहिली काही वर्षे उत्पन्न बेताचे असते. काम शरीरकष्टाचे आहे. दिवसभर रुग्णांना उचलणे, आधार देणे, तोच व्यायाम न कंटाळता पुनःपुन्हा करून घेणे यासाठी स्वतःची प्रकृती आणि चित्त दोन्ही सुदृढ लागतात. ‘वैद्यकीयला क्रमांक लागला नाही, म्हणून ही शाखा’ असे म्हणत आलेला विद्यार्थी येथे फार काळ रमत नाही. ज्याला माणसांत राहण्याची आवड आहे, ज्याच्याजवळ संयम आहे, त्याला मात्र हे क्षेत्र मोठे समाधान देते. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने एखाद्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात काही दिवस नुसते बसून पाहावे. महाविद्यालयाला विद्यापीठाची संलग्नता आहे का, आणि स्वतःचे किंवा जोडलेले पुरेसे मोठे रुग्णालय आहे का, या दोन गोष्टी इमारतीच्या भव्यतेपेक्षा अधिक काळजीपूर्वक तपासाव्यात. रुग्ण नसलेल्या महाविद्यालयात हे शास्त्र शिकता येत नाही.

या शाखेत मुलींची संख्या लक्षणीय आहे. विवाहानंतर गाव बदलले तरी ही विद्या बरोबर जाते, आणि लहान जागेत, मोजक्या साधनांनिशी स्वतःचे केंद्र सुरू करता येते. म्हणून मुलीच्या शिक्षणावरील हा खर्च पालकांनी तिच्या आयुष्यभराच्या स्वावलंबनाची शिदोरी समजावी.

विश्वस्त संस्थांपुढील कार्य

सेवाभावी संस्था भौतिकोपचार केंद्र काढतात तेव्हा पहिला विचार यंत्रांचा होतो. यंत्र दिसते, त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते, उद्घाटन करता येते. यंत्र अवश्य असावे. पण ज्या केंद्रात यंत्रे भरपूर आणि नोंदणीकृत तज्ज्ञ मात्र आठवड्यातून एक तास, तेथे रुग्णाला शेक मिळतो, उपचार मिळत नाही. वरील विवेचनावरून तीन सूचना सहज निघतात. पहिली, केंद्राच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या आधी तज्ज्ञाच्या योग्य वेतनाची तरतूद व्हावी. दुसरी, शिष्यवृत्ती केवळ प्रवेशाच्या वर्षी न देता सेवाकाळ पूर्ण होईपर्यंत दिली जावी. अर्ध्यावर पैसे संपल्याने शिक्षण थांबले, तर समाज एक कुशल जोडी हात गमावतो. अशा विद्यार्थ्याने पदवीनंतर ठरावीक काळ संस्थेच्या केंद्रात सेवा द्यावी, असा करार परस्पर संमतीने करता येईल. तिसरी, अंथरुणास खिळलेल्या वृद्धांसाठी घरी जाऊन उपचार करण्याची आणि घरच्यांना शिकविण्याची व्यवस्था असावी. वृद्धांना तोल सांभाळण्याचे व पायांच्या बळाचे व्यायाम नियमित दिल्यास पडण्याचे प्रमाण घटते, हे आता सिद्ध झाले आहे. खुब्याचे एक हाड मोडण्यापासून वाचले तरी एका कुटुंबाची केवढी परवड टळते, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक असेल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या पिढीने संस्थांचा पाया घातला, तिने शाळा, वसतिगृहे, दवाखाने उभारले. त्या काळाची ती गरज होती. त्या पिढीतील जे आज हयात आहेत त्यांतील कित्येकांना एका काठीचा आणि एका जाणत्या हाताचा आधार हवा आहे. तो जाणता हात घडविण्यास चार-पाच वर्षे लागतात, म्हणून त्याची तयारी आजच सुरू व्हावयास हवी. सुवर्णमहोत्सवी वर्षात एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी जरी या मार्गाला लावता आली, तरी पुढच्या पाच वर्षांत आपल्याच गावात कोणाची तरी ती उशी वेळेवर काढली जाईल.